मनसरहून सिवनीला, दिवेलागणीनंतर

कन्हानचा पूल मागे पडला तसं ड्रायव्हरभाऊंनी गाडीतलं गाणं बंद केलं. रस्ता चौपदरी, गुळगुळीत, मोकळा. तरी काट्याला त्यांनी सत्तरच्या पुढे जाऊ दिलं नाही. नोव्हेंबरची संध्याकाळ होती. दोन्ही बाजूंना धान कापून पेंढ्या बांधून ठेवलेल्या. "आता कापणी चालू हाय न ताई," ते म्हणाले, "डुकरं रात्रभर बांध्यांमधीच असतात. अंधार पडला की इकडून तिकडं."

नागपूरहून सिवनीला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग ४४. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा देशातला सगळ्यात लांब महामार्ग इथे पेंच व्याघ्र प्रकल्पाचं जंगल चिरून जातो. पेंच आणि कान्हा यांच्यामध्ये वाघांची जी ये-जा चालते, ती याच पट्ट्यातून. दिवसा या रस्त्याने कितीतरी वेळा गेले आहे. या खेपेला मुद्दाम दिवेलागणीला निघाले, कारण रात्री गाडी हाकणाऱ्यांकडून काही ऐकायचं होतं.

मनसरला चहाला थांबलो. टपरीसमोर ट्रक लागलेले. यवतमाळकडचे एक चालक लोखंडी सळया घेऊन जबलपूरला निघाले होते. विषय काढला तेव्हा आधी त्यांनी मान हलवली, मग कप खाली ठेवून बोलायला लागले. "लोकांले वाटते, ट्रकवाल्याले काय फरक पडते, जनावरच मरते. पण माझ्या मागं सळया हायेत. जोरात ब्रेक मारला त त्या केबिन फोडून माझ्या पाठीत येतीन. मंग समोर चितळ दिसलं त मी का करू, सांगा." मी काहीच बोलले नाही. तेच पुढे म्हणाले, "एकदा सांबर लागलं. सकाळी बंपर धुतला, परत धुतला. वास गेला नाही. चार दिवस डबा उघडला की तोच वास."

शेजारी बसलेल्या पोरसवद्या क्लीनरने विचारलं नसतानाही जे सांगितलं, ते कुठल्याच परवान्याच्या परीक्षेत विचारत नाहीत. एक चितळ रस्ता ओलांडून गेलं की गाडी दामटायची नाही, कारण मागचं चितळ पुढच्याच्या ओढीने येतंच. डुकरांची रांग असते. पहिलं दिसतं, पिल्लं दिसत नाहीत. ससा उजेडाच्या पट्ट्यातून बाहेर पडत नाही, गाडीपुढेच पळत राहतो; अशा वेळी दिवा क्षणभर बारीक केला की तो बाजूला होतो. मेलेलं जनावर रस्त्यावर पडलं असेल तर तिथे कोल्हा असणार, तेव्हा लांबूनच वेग कमी करायचा. आणि रोही, म्हणजे नीलगाय, समोर आली तर स्टेअरिंग वळवायचं नाही, सरळ ब्रेक दाबायचा. वळवणारे झाडावर जातात, नाहीतर समोरच्या गाडीवर.

रोहीची भीती कारवाल्यांना सगळ्यात जास्त. नर रोही दोनशे किलोच्या वर भरतो आणि त्याचं सगळं वजन उंच पायांवर असतं. कारचा बंपर पायांवर बसतो आणि धड सरळ काचेवर येतं.

मनसर सोडलं, रामटेकचा फाटा गेला, पवनी गेली. साग दोन्हीकडून जवळ आला. थोड्या वेळाने भाऊ म्हणाले, "आता आपण पुलावर हावो." त्यांनी सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं. नदी नाही, नाला नाही. कठड्यापलीकडे झाडांचे शेंडे तेवढे दिसत होते. रस्ता उचलून खांबांवर ठेवलाय आणि खाली जंगल जसं होतं तसं राहू दिलंय. महाराष्ट्राच्या हद्दीत अशी नऊ बांधकामं आहेत, त्यांतलं सगळ्यात लांब ७५० मीटरचं. २०१९ साली भारतीय वन्यजीव संस्थेने त्यांच्याखाली कॅमेरे लावले होते. मार्च ते डिसेंबर या काळात १८ जातींच्या प्राण्यांची पाच हजारांहून जास्त छायाचित्रं मिळाली. त्यांत अकरा वेगवेगळे वाघ होते. चितळांची तर रोजचीच वहिवाट. रानकुत्रीही खालून जाताना टिपली गेली.

हे सुखासुखी झालेलं नाही. चौपदरीकरणाचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत आणि हरित लवादापर्यंत गेला होता. जुना रस्ता खड्ड्यांनी भरलेला, त्यावर लोकांचे हाल होत होते, आणि जंगलाची बाजू मांडणाऱ्यांना विकासाचे वैरी ठरवलं जात होतं. मला वाटतं, त्या माणसांचे आपल्यावर उपकार आहेत. ते अडून बसले नसते तर या जागी चार पदरी सपाट डांबर असतं, आणि त्या अकरा वाघांतले किती आज असते?

देवलापार गेलं, खवासा आलं, मध्य प्रदेश लागला. इथून मोहगावपर्यंतच्या २९ किलोमीटरमध्ये काम आणखी पुढचं आहे. खाली जनावरांच्या वाटा, आणि वर, त्या वाटांच्या पट्ट्यात, दोन्ही कडांना सुमारे चार मीटर उंचीच्या पोलादी भिंती. गाड्यांचा उजेड आणि आवाज खाली पोचू नये म्हणून. कुरईचा घाट चढताना भाऊंचे खांदे सैल झालेले मला दिसले. मनसरपासून पहिल्यांदाच ते मोकळेपणाने बोलायला लागले.

कोंढाळीच्या अलीकडे, अमरावती रोडवर, त्यांच्या गाडीला रोही धडकली होती. "काच फुटून पूर्ण मांडीवर. माझ्या हाताले लागलं, ते काही नाही. ती रोही उठाची खटपट करे न मागचा पाय उचलेच ना. मालक फोनवर म्हणे, निघ तिथून, केस लागीन. मी नाही निघालो ताई. तिच्याजवळ बसलो. पण कोणाले फोन लावाव, तेच मले माहीत नव्हतं." गावातली माणसं जमली, वनखात्याची गाडी आली, तोवर उशीर झाला होता.

गुन्हा अंगावर येईल या धास्तीने कितीतरी चालक थांबत नाहीत. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. तो लावला की माहिती खात्यापर्यंत पोचते. 'वन्यप्राण्यांचा मार्ग, सावकाश जा' या प्रत्येक पाटीवर हा आकडा मोठ्या अक्षरांत का नाही, हे मला कळत नाही. थांबणाऱ्याला आधार मिळाला, तरच लोक थांबतील.

त्याच अमरावती रोडवर, बाजारगावजवळ, २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री बोरच्या जंगलातला 'बाजीराव' वाघ वाहनाच्या धडकेने मेला. वाघाची बातमी होते. रोहीची होत नाही, सायाळीची होत नाही, ऊबदार डांबरावर बसलेल्या रातव्याची तर नाहीच नाही.

ताशी ८० ने गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. जनावर दिसून पाय ब्रेकवर पडेस्तोवर तीसेक मीटर संपलेले असतात, आणि गाडी पूर्ण थांबायला एकूण साठ-सत्तर मीटर लागतात. खाली पाडलेला दिवा दाखवतो जेमतेम पन्नास. म्हणजे चालक कितीही निष्णात असो, दिसेल तेव्हा उशीर झालेलाच असतो. पन्नासवर हेच अंतर पस्तीसच्या आसपास येतं. चाळीस किलोमीटरचं जंगल ८० ऐवजी ५० ने पार करायला अठरा मिनिटं जास्त लागतात, एवढाच हिशेब. पण तो एकट्या चालकावर सोडून भागत नाही. त्याला वेळेवर माल पोचवायचा असतो, उशिराचे पैसे त्याच्याच पगारातून कापले जातात. पेंचमध्ये पुलाने तो भार त्याच्यावरून उतरवलाय. इतर कितीतरी जंगलांच्या कडेने तो त्याच्याच माथी आहे.

मोहगावनंतर भिंती संपल्या. पुन्हा शेतं, पुन्हा अंधार. भाऊंनी गाडी पन्नासवर आणली. मागून एक ट्रक हॉर्न देत आला, दोनदा दिवे मारले. भाऊंनी डावीकडे घेऊन त्याला वाट दिली आणि आपला वेग तसाच ठेवला.

"परत येताना ऊन चढल्यावरच निघू," ते म्हणाले. "नागपूरले जेवाले उशीर होईन, चालीन का?"

चालेल म्हटलं, आणि सिवनीत उतरल्यावर पहिल्यांदा घरी फोन करून जेवणासाठी माझी वाट पाहू नका असं सांगून टाकलं.