अमेरातची रुई आणि बिबळ्या कडवा

मस्कतकरांना अल अमेरात माहीत असतं ते क्रिकेटच्या मैदानामुळे. २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचा पहिला चेंडू इथेच पडला. डोंगर ओलांडला की भाडी जरा उतरतात, म्हणून आमच्यासारखी कुटुंबं इथे येतात. बाकी कोरडी वादी, काटेरी झाडं आणि रुई.

रुई मला दाखवली सासूबाईंनी. जानेवारीत साताऱ्याहून आल्या होत्या. "अगं, ही रुईच की! शनिवारी मारुतीला माळ होईल." ओमानी शेजारीण तिला 'अश्खर' म्हणते. पानं तोडताना (चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार वाईट) एका पानाखाली अळी सापडली. काळे-पांढरे पट्टे, पिवळे ठिपके, अंगावर मिश्यांसारख्या काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. हा बिबळ्या कडवा, साताऱ्यात दिसतो तोच.

मादी पानाखाली एकेक अंडं घालते. अळी बाहेर येते, आधी अंड्याचं कवच खाते. मग पानाची शीर कुरतडून चीक गळू देते आणि नंतर जेवायला बसते. तरी चिकातलं थोडं विष अंगात साठतंच. पक्षी एकदा चाखतात, पुन्हा वाटेला जात नाहीत. 'कडवा' हे नाव किती नेमकं! कोष हिरवा किंवा गुलाबीसर, त्यावर सोनेरी टिकल्या. अंड्यापासून पंखांपर्यंत उबदार दिवसांत तीन-चार आठवडे.

थंडी झोपून काढायची सोय याच्याकडे नाही. म्हणून काही जागीच राहतात, काही ऋतूप्रमाणे सरकतात. आफ्रिकेतून निघालेले भूमध्य समुद्र ओलांडून दक्षिण युरोपात पोचतात, तिथे पिल्लावळ वाढते आणि कडाक्याच्या थंडीत वस्ती संपते. पुढच्या साली पुन्हा नवे येतात. कुठेही जा, रुईच्या कुळातलं झाड मात्र लागतंच.

फेब्रुवारीत कळलं, शेजारचा प्लॉट बांधकामासाठी साफ होणार. सासूबाईंनी सहा अळ्या पानांसकट आइसक्रीमच्या डब्यात आणल्या. माळ राहिली. "मारुतीला कळतं," म्हणाल्या. पाच अळ्या कोषात गेल्या. सासूबाईंचं विमान गुरुवारी होतं. पहिला कडवा रविवारी सकाळी बाहेर आला. व्हिडिओ पाठवला, लगेच त्यांचा फोन. "छान गं. पण आता अंडी कुठे घालायची त्यांनी?"

वादीच्या पलीकडे अजून आठ-दहा झुडपं आहेत. पाचही तिथे नेऊन सोडले.