तो बाजूने का गेला नाही?

वर्गात विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरे त्या तासाला देता येत नाहीत. आणि पुढे जेव्हा ती सापडतात, तेव्हा विचारणारे निघून गेलेले असतात. असा एक प्रश्न माझ्याजवळ पुष्कळ वर्षे पडून आहे.

निकोलस मॉन्सारात यांची ‘द क्रूएल सी’ ही १९५१ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी आमच्या अभ्यासक्रमात नव्हती. तरीही साहित्य आणि नैतिक निर्णय या विषयावर बोलताना मी तिच्यातला एक प्रसंग हटकून सांगत असे. दुसऱ्या महायुद्धातला समुद्र. व्यापारी जहाजांच्या ताफ्याचे रक्षण करणारी ‘कंपास रोझ’ ही छोटी युद्धनौका. ताफ्यातले जहाज पाणतिराने बुडाले आहे, त्यावरचे खलाशी पाण्यात पोहत मदतीची वाट पाहत आहेत. आणि त्याच वेळी नौकेवरच्या यंत्रात प्रतिध्वनी उमटतो : पाणबुडी खाली आहे, नेमकी त्या पोहणाऱ्या माणसांच्या खाली. कप्तान एरिक्सन नौका त्या माणसांमधून पुढे नेतो आणि स्फोटके टाकण्याचा हुकूम देतो. माणसे मरतात. खाली खरोखर पाणबुडी होती की नाही, हे शेवटपर्यंत निश्चित होत नाही.

हा प्रसंग मी अनेक तुकड्यांना सांगितला. फळ्यावर ‘कर्तव्य’ आणि ‘करुणा’ असे दोन शब्द लिहावेत, मध्ये एक रेघ ओढावी, अर्जुनाच्या विषादाची आठवण करून द्यावी, आणि ‘एरिक्सनने योग्य केले काय?’ असे विचारून वर्गाला दोन गटांत भांडू द्यावे, असा माझा ठरलेला क्रम होता. तास रंगत असे.

एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली. ती हर्णैकडची, घरी मासेमारीची बोट. “सर, पण तो बाजूने का नाही गेला? बोट वळवून लांबून टाकायचा ना बॉम्ब.” वर्ग हसला. मीही हसलो. “अगं, लेखकाला काय सुचवायचे आहे ते बघ. बोटीचे राहू दे,” असे म्हणून मी पुढे गेलो. ती खाली बसली. त्यानंतर त्या वर्षात तिने मला काही विचारल्याचे आठवत नाही.

खरे कारण एवढेच होते की मला उत्तर ठाऊक नव्हते. ते ठाऊक नसणे ही एखादी उणीव आहे, असेही मला तेव्हा वाटले नाही. नौका ही माझ्या लेखी प्रसंगाची पार्श्वभूमी होती. आशय माणसांत होता. निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला तेव्हा मी त्या पार्श्वभूमीकडे वळलो, आणि जे हाती लागले त्याने माझा तो रंगणारा तास पुरता उसवला.

‘कंपास रोझ’ ही ‘फ्लॉवर’ वर्गातली कॉर्व्हेट आहे. मॉन्सारात स्वतः ‘कॅम्पॅन्युला’ या अशाच नौकेवर होते. १९३९ साली युद्ध दारात आले तेव्हा ब्रिटनकडे रक्षक नौका फार थोड्या होत्या, आणि मोठ्या गोद्या मोठ्या युद्धनौकांच्या कामात गुंतलेल्या होत्या. स्मिथ्स डॉक या कंपनीचे विल्यम रीड यांनी तेव्हा देवमाशांच्या शिकारीसाठी बांधलेल्या ‘सदर्न प्राइड’ या बोटीवरून नवा आराखडा तयार केला. लहान गोद्यांनाही बांधता येईल अशी नौका : लांबी सुमारे ६२ मीटर, एकच पंखा, व्यापारी जहाजांवरच्या माणसांना चालवता येईल असे जुन्या पद्धतीचे वाफेचे इंजिन, वेग ताशी १६ सागरी मैल. पाण्यावर धावणारी जर्मन पाणबुडी याहून किंचित अधिक वेगाने जाई. म्हणजे शिकार पळू लागली तर शिकाऱ्याला ती गाठता येत नसे. अशा अडीचशेहून अधिक नौका बांधल्या गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळांना फुलांची नावे दिली गेली. ही नौका ओल्या गवतावरसुद्धा डोलेल, अशी थट्टा खलाशी करीत. सुरुवातीच्या नौकांत खलाशांची जागा पुढे आणि स्वयंपाकघर मागे होते. मध्ये उघडे डेक. लाटा अंगावर घेत आणलेले जेवण पोहोचेपर्यंत थंडगार होई.

आता त्या मुलीचा प्रश्न. पाणबुडी शोधण्याचे यंत्र होते ॲस्डिक, ज्याला आपण आज सोनार म्हणतो. ते पाण्यात ध्वनी सोडते आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून लक्ष्याची दिशा व अंतर सांगते. पण ध्वनीचा तो झोत पुढे जाणारा असतो. पायाखाली पाहण्याची सोय त्यात नव्हती. नौका पाणबुडीच्या दीड-दोनशे मीटरच्या आत आली की प्रतिध्वनी हरवे, आणि पाणबुडी जितकी खोल तितका तो आधी हरवे. दुसरीकडे, मारायचे साधन म्हणजे डेप्थ चार्ज : ठरावीक खोलीवर फुटणारी, पिंपाच्या आकाराची स्फोटके. ती नौकेच्या पिछाडीवरून खाली सोडली जात. काही बाजूंना फेकता येत, पण थोड्याच अंतरावर. म्हणजे कान पुढे आणि हात मागे, अशी ही रचना. पाणबुडीवर घाव घालायचा तर तिच्या डोक्यावरून जावेच लागे, आणि डोक्यावर पोहोचण्याच्या शेवटच्या क्षणांत ती ऐकूच येत नसे. वरून सोडलेले पिंप सेकंदाला सुमारे तीन मीटर या वेगाने बुडे; ते नव्वद मीटर खोल जाईपर्यंत पाणबुडीला वळायला अर्धा मिनिट मिळे. ब्रिटिश नौदलाच्या नोंदींचा हिशेब असा की डेप्थ चार्जचे सरासरी साठ हल्ले झाले तेव्हा एक पाणबुडी बुडाली.

म्हणून तो बाजूने गेला नाही. जाऊ शकत नव्हता. आणि गेला असता तरी माणसे वाचली नसती, कारण स्फोटाचा दाब पाण्यातून दूरवर जातो आणि पोहणाऱ्याच्या शरीराची आतून नासाडी करतो.

हे उत्तर मिळाल्यावर प्रथम समाधान वाटले. एरिक्सनपुढे दोनच वाटा होत्या, तेव्हा माझा फळा बरोबरच होता. पण मग मी पुढचे वाचले.

१९४२ पासून ‘रिव्हर’ वर्गाच्या नौका समुद्रावर आल्या. आराखडा पुन्हा रीड यांचाच : लांबी ९० मीटरच्या वर, दोन इंजिने, दोन पंखे, वेग २० सागरी मैल, आणि अटलांटिक ओलांडण्याइतका पल्ला. शिडांच्या काळातला ‘फ्रिगेट’ हा मागे पडलेला शब्द या नौकांसाठी पुन्हा वापरात आला. त्यांच्यावर ‘हेजहॉग’ नावाचे नवे शस्त्र होते. ते चोवीस लहान बॉम्ब एकदम नौकेच्या पुढे, सुमारे दोनशे मीटरवर फेकी. म्हणजे पाणबुडी ऐकू येत असतानाच. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे : हे बॉम्ब खोलीवर फुटत नसत, कशाला तरी आदळले तरच फुटत. नेम चुकला तर ते मुकाट्याने तळाला जात. या शस्त्राचा हिशेब सरासरी सहा हल्ल्यांना एक पाणबुडी असा पडला.

आता एरिक्सनच्या नौकेवर त्या दिवशी हे शस्त्र असते तर? खाली पाणबुडी नसती, तर काहीच झाले नसते; बॉम्ब बुडाले असते आणि माणसांना वर काढता आले असते. पाणबुडी असती आणि बॉम्ब लागला असता, तर स्फोटाने वरची माणसे कदाचित मेली असती, पण ‘कदाचित कोणीच नव्हते’ ही पुढे आयुष्यभर पोखरणारी शंका उरली नसती. मी ज्याला मानवी जीवनातले सनातन द्वंद्व म्हणून शिकवीत होतो, ते एका विशिष्ट शस्त्राचे आणि काही थोड्या वर्षांचे होते. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत पाणबुडी ऐकण्याचे यंत्र सुधारत गेले. मारण्याचे साधन मात्र जवळजवळ पहिल्या महायुद्धातलेच राहिले. त्या दुर्लक्षाची किंमत एरिक्सनच्या पुढ्यात येऊन पडली, आणि आम्ही वर्गात बसून त्याचा एकट्याचा निवाडा करीत होतो.

कादंबरीला हे ठाऊक आहे. ‘कंपास रोझ’ बुडते आणि वाचलेल्या एरिक्सनला ‘सॉल्टॅश’ ही ‘रिव्हर’ वर्गाची फ्रिगेट मिळते. मी हा बदल नायकाच्या मनाचा प्रवास म्हणून वाचला होता : आधी हळवा, मग कठोर. आता वाटते, मॉन्सारात त्याबरोबर दुसरेही सांगत आहेत. माणूस कठोर होत जातो आणि साधन अचूक होत जाते. पहिली नौका वाईट पण आपली, दुसरी चांगली पण परकी. या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध, हा प्रश्न मी फळ्यावर कधी लिहिला नाही.

हे सारे परक्या समुद्रावरचे म्हणून सोडून देता येत नाही. १२ ऑगस्ट १९४४ रोजी सेशेल्सजवळ यू-१९८ ही जर्मन पाणबुडी बुडवण्यात ‘फाइंडहॉर्न’ या ‘रिव्हर’ वर्गाच्या फ्रिगेटबरोबर रॉयल इंडियन नेव्हीची ‘गोदावरी’ होती. युद्ध संपल्यावर १९४६ साली याच वर्गाची ‘ट्रेंट’ हिंदी नौदलात आली आणि तिचे नाव ‘कुकरी’ ठेवले गेले. पुढे ती सर्वेक्षणाच्या कामाला लागली, आणि ते नाव ब्रिटनमध्ये बांधलेल्या, १९५८ साली दाखल झालेल्या दुसऱ्या फ्रिगेटकडे गेले.

ही ‘खुकरी’ अटलांटिकच्या आठवणीतून जन्मलेली. पाणबुड्यांशी पुन्हा गाठ पडेल तेव्हा स्वस्तात, भराभर बांधता येतील अशा नौका हव्यात, या विचाराने केलेला तो आराखडा : पुन्हा एकच पंखा, तोफा अगदी लहान, आणि मुख्य भर पाणबुडीवर मारा करणाऱ्या ‘लिंबो’ या उखळी तोफांवर. त्यांचा टप्पा सुमारे ९०० मीटर. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने तिला पाणतीर मारला. शिकारीसाठी बांधलेली नौका काही मिनिटांत बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला नौकेबरोबरच राहिले. सोबतची ‘किरपाण’ ही तशीच फ्रिगेट होती; तिच्यावरही हल्ला झाला होता आणि ती तेथून दूर गेली. पाण्यातली माणसे दुसऱ्या दिवशी वर काढली गेली. त्यावरून पुढे पुष्कळ वाद झाला. तो वाचताना मला माझा फळा दिसत होता : कर्तव्य, करुणा, मध्ये रेघ. त्या रात्री त्या नौकेचे कान किती दूरचे ऐकत होते आणि हात कुठवर पोहोचत होता, हे विचारल्याशिवाय रेघ ओढण्याचे धाडस आता मला होत नाही.

काही वर्षांपूर्वी मी दीवला गेलो होतो. समुद्राकडे तोंड केलेल्या टेकडीवर, काचेच्या घरात ‘खुकरी’ची प्रतिकृती आहे. लोक पुढून पाहतात, हात जोडतात. मीही हात जोडले, आणि मग मागच्या बाजूला जाऊन उखळी तोफांची जागा शोधू लागलो. शेजारच्या गृहस्थांना ते विचित्र वाटले असावे. मृतांच्या स्मारकाशी असे वागू नये, असे क्षणभर मलाही वाटले. पण त्या माणसांच्या वाट्याला काय आले हे समजून घ्यायचे, तर नौकेचे राहू दे म्हणून चालत नाही.

रचना समजली म्हणजे माणूस निर्दोष ठरतो, असे मला म्हणायचे नाही. एरिक्सन स्वतःला माफ करीत नाही, आणि ते योग्यच आहे. पण निर्णय कोणाच्या हातात किती होता, हे मोजण्याआधीच आपण त्याचे ‘नैतिक द्वंद्व’ करून टाकतो, तेव्हा आपण माणसावर आणि साहित्यकृतीवरही अन्याय करतो. आपल्याला आशय हवा असतो. तो पंख्यात, पिंपात आणि दीडशे मीटरच्या बहिरेपणात असू शकतो, हे पटत नाही.

हर्णैच्या त्या मुलीला ते ठाऊक होते. बोट कशी वळते, कुठे वळत नाही, हे पाहत ती वाढली होती. त्या दिवशी वर्गात कादंबरी नीट ऐकणारी ती एकटीच होती. आज ती कोठे असेल, मला कल्पना नाही. उत्तर मिळाले, पण ज्याला मी वर्गासमोर हसलो तो प्रश्न बरोबर होता, हे तिला सांगायचे राहूनच गेले.