बाराटांग पाहिलं नाही

रामपायलीहून कुठल्याही दिशेनं निघा, समुद्र दूरच. आमचं पाणी म्हणजे चंदन नदी, तिच्या काठावरचं रामजीचं देऊळ आणि शेताशेतांतल्या बोड्या, म्हणजे छोटी तळी. बालाघाट जिल्हा धानाचा. पाऊस आठ दिवस लांबला तर घरात बोलणं कमी होतं. म्हणून अंदमानला जायचं ठरलं तेव्हा माझ्या डोक्यात समुद्राच्या आधी गोडं पाणी आलं. चारी बाजूंनी खारं पाणी असलेल्या बेटावर लोक पितात काय? नागपूरला नोकरी करणारा पुतण्या म्हणाला, "मोठी आई, हॉटेलात चोवीस तास पाणी असते." त्या हॉटेलात ते येतं कुठून, हेच तर मला विचारायचं होतं.

उत्तर कळलं आणि आमच्या प्रवासाची रीतच त्यानं ठरवली. अंदमानात वर्षाला सुमारे तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो, आमच्या जवळपास दुप्पट. पण जमीन उताराची, नद्या तोकड्या, त्यामुळे बरंचसं पाणी थेट समुद्रात जातं. जानेवारी ते एप्रिल हे कोरडे महिने, आणि पर्यटकांची गर्दी नेमकी तेव्हाच. पोर्ट ब्लेअरची तहान मुख्यतः धनीखारीच्या धरणावर भागते. म्हणजे आपण बेटावर जातो ते तिथल्या लोकांच्या उन्हाळ्याच्या साठ्यातलं पाणी वापरायला. हे एकदा ध्यानात आल्यावर शॉवर आणि बाथटब दाखवणाऱ्या जाहिराती मला बघवेनात. बादलीनं आंघोळ करायची आणि जिथे रोज चादरी बदलत नाहीत तिथेच उतरायचं, हे मी घरूनच सांगून ठेवलं. यांनी मान डोलावली. धाकटी जाऊ म्हणाली, "बाई, आपण घरी तरी कुठे रोज बदलतो?"

जाताना आम्ही चेन्नईहून जहाज धरलं. साठेक तासांचा प्रवास आहे. विमानाला दोन-अडीच तास लागतात, त्यामुळे ओळखीपाळखीत सगळ्यांनी वेड्यात काढलं. पण ते जहाज बेटावरच्या लोकांसाठी आणि मालासाठी तसंही जाणारच असतं. आमच्यासोबत आजारी माणसाला चेन्नईच्या दवाखान्यात दाखवून परतणारी कुटुंबं होती, सुट्टीला घरी निघालेले विद्यार्थी होते. त्यांच्याशी बोलताना कळलं की बेटावर डाळ, कांदे, सिमेंट, औषधं, बिस्किटाचा पुडा, सगळं असंच पाण्यावरून येतं. वीजसुद्धा बहुतांश डिझेल जाळून होते आणि ते डिझेलही जहाजानंच. एक बाई म्हणाल्या, आलेलं सामान संपतं, त्याचं वेष्टण मात्र इथेच राहतं. आमच्या गावात कचरा टाकला की तो कुठेतरी गेला असं समजायची सोय असते. बेटावर तो 'कुठेतरी' नाही.

पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ च्या सप्टेंबरात श्री विजयपुरम झालं, लोकांच्या तोंडी अजून जुनंच आहे. मराठी माणूस आधी जातो सेल्युलर जेलमध्ये, तसे आम्हीही गेलो. सावरकर इथे १९११ ते १९२१ पर्यंत होते. त्या कोठड्यांबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. मला सांगायचं आहे ते तुरुंगाबाहेरच्या बेटांबद्दल.

वंडूरकडे जाताना सिप्पीघाट लागतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी आणि त्यात उभे वाळलेले बुंधे. गाडीवाल्यानं सांगितलं की ही शेतं होती. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन सुमारे एक मीटर खचली, त्सुनामीच्या लाटा ओसरल्या तरी भरतीचं पाणी काही मागे गेलं नाही. धानाच्या बांधीत कायमचं खारं पाणी. आम्ही गाडी थांबवली. हे बराच वेळ बांधाची रेघ शोधत राहिले. शेतकऱ्याला पाण्याखालचाही बांध दिसतो. त्या पाण्यात आता कांदळवनाची झाडं उगवताहेत. किनाऱ्याला धरून ठेवणारी हीच झाडं तोडून समुद्राचा देखावा मोकळा करायचा, असं एखाद्या हॉटेलाला वाटलं, तर त्याची किंमत कोण भरेल, ते त्या रस्त्यावर उघड दिसतं.

वंडूरला महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, १९८३ साली झालेलं. त्यातलं जॉलीबॉय बेट पाहायला जायचं होतं. धक्क्यावर वनखात्याचे लोक प्रत्येकाची पिशवी उघडून बघतात. चिप्सची पाकिटं, प्लॅस्टिकच्या पिशव्या, सगळं बाहेर काढावं लागतं. पाण्याची बाटली न्यायची असेल तर अनामत ठेवायची. परत येताना बाटली दाखवली की पैसे परत. रांगेत काही लोक कुरकुरत होते, पण सगळ्यांनी पाळलं. बेटावर उतरलो तर एकही दुकान नाही, चहा नाही, कागदाचा कपटा नाही. एवढ्या माणसांची रोज वर्दळ असलेली जागा इतकी स्वच्छ मी आधी पाहिली नव्हती. त्यासाठी कोणी भाषण दिलं नव्हतं की भिंतीवर सुविचार लिहिले नव्हते. एक टेबल, एक वही आणि परत मिळणारे थोडे पैसे, एवढ्यावर ते चाललं होतं.

आणखी एक गोष्ट मला फार पटली. जॉलीबॉय वर्षभर खुलं नसतं. पावसाळ्यात ते बंद आणि पर्यटकांना रेडस्किन बेटावर नेतात. आमच्याच जिल्ह्यात मुक्कीच्या फाटकातून कान्हाचं जंगल सुरू होतं, तेही पावसाळ्यात बंद असतं. थायलंडनं माया बे हा जगप्रसिद्ध किनारा २०१८ मध्ये बंद केला आणि २०२२ मध्ये कडक मर्यादा घालून उघडला. शेतसुद्धा आपण पडीक ठेवतो. जागेला विश्रांती द्यावी लागते हे शेतकऱ्याच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

जॉलीबॉयला काचेच्या तळाच्या नावेतून प्रवाळ पाहिलं. मी ते दगड समजत होते. नावाड्यानं सांगितलं की हे लाखो बारीक जीव आहेत, स्वतःभोवती चुन्याचं घर बांधणारे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि या जीवांना देतं. पाणी नेहमीपेक्षा तापलं की हे शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. अंदमानात २०१० आणि २०१६ साली असं मोठ्या प्रमाणावर झालं. गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं. हे ऐकल्यावर ज्यांच्यावर पाय ठेवून लोक फोटो काढतात ते गोळे माझ्या आजीच्या आजीच्या काळापासूनचे असतील, असा हिशेब मी मनात केला. पुतण्यानं उन्हाचं मलम आणलं होतं, ते मी पिशवीतच ठेवायला लावलं. त्यातलं ऑक्सिबेन्झोन प्रवाळाला घातक मानलं जातं. हवाईत अशा मलमांची विक्री २०२१ पासून कायद्यानं बंद आहे. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला दुपट्टा, आमच्याकडे रोवणीला बाया जातात तशा आम्ही पाण्यात उतरलो. ऊन लागलं नाही.

शहीद द्वीप, म्हणजे पूर्वीचं नील, तिथे एका बंगाली कुटुंबाच्या घरी राहिलो. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना सरकारनं या बेटांवर वसवलं, त्यांच्यातलं हे घर. मागच्या दारी धान, सुपारी, केळी, भाजीचे वाफे. मी सोबत आमचा चिन्नोर तांदूळ नेला होता. बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच. घरच्या आजींनी तो हुंगून पाहिला आणि सांगितलं की खिचडी याची करू, पण रोज जेवाल आमचाच भात. मग आम्ही तेच खाल्लं: त्यांच्या वाफ्यातला भोपळा, नारळ, सकाळी किनाऱ्यावर आलेली मासळी. पुतण्याला पनीर हवं होतं. ते इथे कुठून येतं हे जहाजावर कळलेलं असल्यामुळे त्याचा तोच गप्प बसला. बेटावर जे पिकतं ते विकत घेऊन खाल्लं की पैसा त्या अंगणात राहतो आणि रिकामं पाकीटही मागे उरत नाही.

त्याच बेटावर ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर एक वाटाड्या पर्यटकांना समुद्रकाकडी हातात घेऊन दाखवत होता. वन्यजीव कायद्यात तिला वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. माझी जाऊ त्याला शांतपणे म्हणाली, "भाऊ, पाण्यातच राहू दे, आम्हाला वाकून दिसते." त्यानं लगेच ठेवली. लोक मागतात म्हणून तो उचलतो. आपण मागायचं थांबलो तर त्याचंही काम सोपं होईल.

आता बाराटांगचं. चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी पाहायला पर्यटक तिथे जातात आणि बहुतेक जण जातात ते अंदमान ट्रंक रोडनं, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून. १९५६ च्या नियमानं ते जंगल त्यांचं आहे. जिरकाटांगहून गाड्या ताफ्यानं सुटतात, थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, काही द्यायचं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये राखीव क्षेत्रातला हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं, तरी तो चालू राहिला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जारवा जंगलाबाहेर येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. २०११ च्या जनगणनेत ते चारशेही नव्हते. २०१२ मध्ये पर्यटकांसाठी जारवा बायांना नाचवल्याचं चित्रीकरण जगभर दिसलं.

सहल ठरवणारा माणूस आम्हाला म्हणाला, "नशीब असेल तर जारवा दिसतील." त्याच्या दृष्टीनं तो चांगली बातमी देत होता. मला बैहरचा बाजार आठवला. आमच्या जिल्ह्यात बैगा आदिवासी राहतात. कान्हाचं राष्ट्रीय उद्यान झालं, पुढे वाघांसाठी गावं उठवली, त्यांत बैगाही होते. आता कान्हाला आलेले पाहुणे बाजारात बैगा बाईच्या कपाळावरच्या गोदण्यापुढे मोबाईल धरतात आणि ती मीठ विकत घेता घेता पदर पुढे ओढते. मी तिच्या शेजारी उभी राहिलेली आहे. मीठ घेणारी बाई कोणाच्या सहलीचा भाग नसते.

यांचं म्हणणं पडलं की आपण पडदा लावून बसू, बाहेर बघणारच नाही, गुहा तर पाहू. मी म्हटलं, आपण पाहिलं नाही तरी आपली गाडी त्यांच्या घरातून जाणार. नियम पाळूनही ते वावगंच. जॉलीबॉयला टेबलावरच्या वहीनं आमच्याकडून शिस्त करून घेतली होती. इथे तिकीट कायदेशीर मिळतं, फाटक उघडतं, कोणी अडवत नाही, म्हणून इथे माणसानं स्वतःला अडवावं लागतं. रात्री बराच वाद झाला. शेवटी हे म्हणाले, "बरं, नाही जात." ते मनापासून म्हणाले की माझ्यासाठी, ते मी विचारलं नाही. गुहा सुंदर असतील, त्या राहिल्याची हळहळ मलाही आहे. त्या दिवशी आम्ही चिडियाटापूला गेलो आणि मुंडा पहाडाच्या जंगलवाटेनं चाललो. खाली किनाऱ्यावर २००४ मध्ये मेलेली झाडं अजून होती.

परतीला पुतण्याच्या रजेमुळे विमान घ्यावं लागलं. विमानतळावर सामान तपासतात ते प्रवाळ आणि शिंपल्यांसाठीही. मेलेलं, किनाऱ्यावर सापडलेलं प्रवाळसुद्धा नेता येत नाही. आमच्या पुढच्या रांगेतल्या मुलाच्या खिशातून एक पांढरा तुकडा निघाला. त्याच्या वडिलांनी त्याला रागावण्याऐवजी तो का नेऊ नये ते समजावून सांगितलं. ते ऐकून मला फार बरं वाटलं.

रामपायलीला कार्तिकी पौर्णिमेची जत्रा भरते. रामजीच्या दर्शनाला लांबून माणसं येतात, चंदनच्या पात्रात दुकानं लागतात आणि दुसऱ्या दिवशी नदीत बाटल्या, पत्रावळी, थर्माकोलच्या वाट्या. वंडूरच्या त्या टेबलाची गोष्ट मी आमच्या बचत गटात सांगितली. नदीकडे उतरायच्या वाटेवर आपणही टेबल मांडू, बाटलीवर रंगाची खूण करू, अनामत ठेवू, बाटली परत आणली की पैसे परत. द्रोण पळसाच्या पानांचे आम्ही पुरवू, ते काम गटातल्या बायांना येतंच. दोन-तीन दुकानदार तयार आहेत, काहींना भांडण होईल अशी भीती वाटते. अडलंय ते रकमेवर. माझं म्हणणं बाटलीमागे दहा रुपये. धाकटी जाऊ म्हणते, दहासाठी कोणी चढण चढून परत येणार नाही, वीस ठेवा. पुढच्या बैठकीत ते ठरवायचं आहे.