पहिली होडी कुणाच्या मापाची?

कर्जतला होडी म्हटलं की तुम्हांला हसू येईल. आमच्या गल्लीतही सगळे हसलेच. "आधी टँकर येतोय का ते बघा, मग होडी घ्या!" असं एक आजोबा म्हणाले.

लोकल जाते ते कर्जत रायगड जिल्ह्यातलं. आमचं कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातलं, रेहेकुरीच्या काळविटांचं, लिंबाच्या बागांचं आणि कोरड्या विहिरींचं. पण तालुक्याच्या दक्षिणेला भीमा वाहते. सोलापूर जिल्ह्यात १९८० साली उजनीचं धरण पूर्ण झालं आणि त्याचं पाणी मागे पसरत आमच्या शिवेपर्यंत आलं. अष्टविनायकांतलं सिद्धटेक आमच्याच तालुक्यातलं. पूल होण्याआधी पलीकडच्या शिरापूरहून भाविक होडीतूनच येत. म्हणजे होडी आम्हांला अगदीच परकी नाही, खरं ना?

गेल्या वर्षी माझ्या पुतण्यानं हट्ट धरला. तो नववीत आहे, वेड आहे गळ टाकायचं. "काका, मला कयाक पाहिजे. काठापासून थोडं आत गेलं की मासे चांगले लागतात." बोकड वाढवून विकल्याचे आणि सुट्टीत लिंबं तोडल्याचे पैसे त्यानं साठवले होते. त्यात मी भर घातली. झाले बावीस हजार.

आमची आई, म्हणजे त्याची आजी, एवढंच म्हणाली, "आधी जाकीट, मग होडी."

आई असं का म्हणाली ते मला ठाऊक होतं. मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. ट्रकच्या टायरची जुनी ट्यूब, तिच्यावर फळी, आणि वल्हं म्हणून पाट! अशा थाटात मी पाण्यात उतरलो. वारा काठाकडून आत वाहत होता. आत जाताना मला वाटलं, काय मस्त पळतंय! वळलो आणि कळलं, पळवत होता तो वारा. पाट मारून हात भरून आले, तरी काठ लांबच चालला. तेवढ्यात ट्यूबमधून सूं सूं आवाज यायला लागला. जाळी काढायला आलेल्या एका तात्यांनी मला पाहिलं, म्हणून आज मी हे लिहितोय. त्यांनी मला होडीत ओढून घेतलं. रागावले नाहीत. घरी आणून सोडलं आणि आईला म्हणाले, "वहिनी, पोरगं पाण्याला भीत नाही. ते बरं नाही."

असो. आम्ही खरेदीला निघालो.

पहिली पाहिली ती हवा भरायची कयाक. सगळ्यांत स्वस्त, घडी करून पोत्यात मावणारी. पुतण्या खूश! पण आमच्या काठाला वेड्या बाभळी आहेत. पाणी उतरलं की चिखलात काटे, आणि बुडालेल्या घरांचे दगड. त्यात चिलापीच्या पाठीचे काटे. मला ट्यूबचा सूं सूं आवाज आठवला. नको म्हटलं.

दुसरी लांब, अरुंद, लाल चकचकीत. वेगानं जाणारी. पण गळ टाकणारा माणूस बसल्या जागी वळतो, वाकतो, मासा ओढतो. त्याला वेग कशाला? त्याला रुंद, बेताच्या लांबीची, न डगमगणारी होडी हवी. शिवाय ती घेतली असती तर जाकिटाला पैसेच उरत नव्हते.

मग कळलं, पानशेतकडे एक जण जुन्या कयाक विकतोय. तिथं दोन होत्या. दोन्ही जाड प्लास्टिकच्या, वर उघड्यावर बसायच्या, साधारण दहा फुटी. पुतण्या ओरडला, "काका, हिला तर भोकं आहेत!" तुम्हांलाही वाटलं ना, भोकं असलेली होडी बुडेल? नाही बुडत. ही होडी म्हणजे आतून पोकळ, चहूबाजूंनी बंद डबा. ती भोकं म्हणजे डब्यातून आरपार गेलेल्या नळ्या. वर साचलेलं पाणी त्यांतून खाली निघून जातं. डबा मात्र फुटका नको. म्हणून आम्ही दोन्ही होड्या अर्धा तास पाण्यात ठेवल्या. मग बाहेर काढून बूच उघडलं. पहिलीतून भळभळ पाणी आलं. तिच्या तळाला चीर होती आणि वर लांबी फासून रंग दिलेला! दुसरी कोरडी निघाली. ओरखडे भरपूर, पण कोरडी.

आता वजन. होडीवर लिहिलं होतं, १२० किलो. लिहिलंय तेवढं भरायचं नसतं. दोनतृतीयांश धरावं, म्हणजे ८०. मी स्वतःचं वजन धरलं ७८, सामान १०. झाले ८८. "ही लहान पडते रे," मी म्हणालो.

पुतण्या हळूच म्हणाला, "काका, होडी कुणासाठी घेतोय आपण?"

मी गप्पच झालो. त्याचं वजन ४६, सामान १०, म्हणजे ५६. होडी त्याला बरोब्बर होती. इतका वेळ मी माझ्या लहानपणच्या ट्यूबच्या जागी होडी घेत होतो! कयाक मुळात उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून शिकारी ती बनवत, आणि बनवताना माप घेत स्वतःच्याच शरीराचं. ज्याची होडी त्याच्याच मापाची.

अठराला सांगितलेली पंधरा हजारांत मिळाली, वल्ह्यासकट. उरलेल्यांत जाकीट, शिट्टी, दोर आणि टेम्पोचं भाडं.

मग लगेच मासे का? छे! पहिले तीन रविवार छातीएवढ्या पाण्यात नुसतं पडायचं आणि परत चढायचं. आईची तीन वाक्यं आता भिंतीवर लिहिली आहेत. जाकिटाशिवाय पाऊल नाही. एकट्यानं जायचं नाही. वाऱ्याच्या तोंडावर आधी जा, म्हणजे दमल्यावर वाराच घरी आणतो. चौथं मी लिहिलं: वळवाचं आभाळ दिसलं की बाहेर. २१ मे २०२४ ला याच उजनीत कुगावहून कळाशीला जाणारी होडी वादळात उलटली. सातांतला एक जण पोहत काठाला लागला, सहा जण गेले. पाणी आपलं असतं, पण वारा कुणाचाच नसतो.

गावातल्या मासेमारांना विचारून, त्यांची जाळी सोडून, पुतण्या आता गळ टाकतो. मी काठावर बसतो, कारण होडी माझ्या मापाची नाही! परवा त्याला पहिला रोहू लागला. वीतभर होता. त्यानं उचलून मला दाखवला आणि परत पाण्यात सोडला.

"का रे सोडलास?" मी ओरडलो.

"लहान आहे अजून काका. वाढू दे की!"

घरी आल्यावर आजीनं आधी काय विचारलं असेल? मासा नाही. तिनं विचारलं, "जाकीट वाळत घातलंस का?"