काल जेवढं, तेवढंच आज

६ जुलै, रविवार. आषाढी
साबुदाणा, वरी, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. वर्षातलं सगळ्यात जड जेवण आजचं. निर्जळी करायची नाही, असं ह्यांनी आईंना बजावलंय. मला वेगळं बजावावं लागत नाही. पाण्याचा तांब्या शेजारीच.

८ जुलै
अण्णांचं बीपी १६०-१००. टेल्मिसार्टन वाढवली. मीठ कमी करायला सांगितलंय. आई दवाखान्यातून आल्या त्या ठरवूनच. "माझ्या घरात दोन आमट्या शिजणार नाहीत. सगळ्यांनीच कमी खायचं."
जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. आईंनी पेपरातलं कात्रण फ्रिजवर चिकटवलं.

११ जुलै
मुगाची आमटी अळणी. लेक लोणचं शोधत होती. बरणी माळ्यावर गेलीय. पापडही.

१४ जुलै
साडेदहा. ओटा पुसला. अकरानंतर गॅस लावायचा नाही, हा घरातला नियम. त्या दिवाळीपासूनचा.
तेव्हा पहाटे तीनला मी चकल्या पाडत होते. डबे भरले, पातेली भरली, मग जमिनीवर वर्तमानपत्रं. अख्ख्या गल्लीला पुरवायच्या होत्या. स्वतः मात्र चहावरच होते. भूक नाही, झोप नाही, थकवाही नाही. सगळे खूश होते, सून किती उत्साही म्हणून. चौथ्या दिवशी कळलं, हा उत्साह नव्हे, आजाराचा चढ.
उतारात उलटं. उशाशी बिस्किटांचा पुडा. ताट कुणी पुढे आणलं तर नको वाटतं.

१७ जुलै
वजन ७१. ओलान्झापिन भूक लावते. तीही रात्री, तीही गोडाची. दहा वाजता फुटाणे आणि ताक, एवढीच मुभा घेते. फरसाण हे घरात आणत नाहीत.

१९ जुलै
फळ्यावर लिहिताना हात थरथरला. ओळ खाली घसरली. आठवीच्या मुली हसल्या नाहीत. तेच लागलं.

२१ जुलै
शाळेत एक बाई म्हणाल्या, चहा सोडा, चहानेच हात कापतात. आईंना पटलं. पित्तही जाईल म्हणाल्या. चहा बंद. गवती चहाचा काढा सुरू.

२३ जुलै
डोकं ठणकतंय. आईंनी गुडघ्यासाठीची त्यांची गोळी पुढे केली. घेतली नाही. तसल्या वेदनाशामक गोळ्या माझ्या लिथियमबरोबर चालत नाहीत. पॅरासिटामॉल घेऊन पडले.

२५ जुलै
श्रावण लागला. ह्यांनी कमी सोडियमचं मीठ आणलं. जरा कडवट. पाकिटामागे बारीक अक्षरात: पोटॅशियम क्लोराइड.

२८ जुलै, सोमवार
उपास. सलग तास, बाटली स्टाफरूममध्येच राहिली. संध्याकाळी धाकट्या जाऊबाईंची शिवामूठ. तिच्या ओंजळीत तांदूळ घालताना अर्धे परातीत, अर्धे फरशीवर. कुणी काही बोललं नाही. मीच झाडू घेतला.

३० जुलै
पहाटेपासून जुलाब. दोनदा उलटी. कालची दिंडं बाधली असणार. शब्द जड येतायत. ह्यांनी डॉक्टरांना फोन लावला. सकाळची गोळी देऊ नका, आधी रक्त द्या म्हणाले. काल रात्री ९ ची गोळी, आज ९ ला सुई. बारा तासांचं अंतर आपोआप साधलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
लिथियमची लेव्हल १.४. चैत्रात ०.७ होती. दीडच्या वर गेली की विषबाधा धरतात.
सलाईन लावली. आई शेजारी बसून बाटलीवरचं एकेक अक्षर वाचत होत्या. सोडियम क्लोराइड, ०.९ टक्के. "म्हणजे मीठच की हे," म्हणाल्या. मग बराच वेळ बोलल्या नाहीत.

३१ जुलै
डॉक्टरांनी एकच विचारलं, घरात महिनाभरात काय काय बदललं? ह्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. मीठ. चहा. उपास. जुलाब.
मूत्रपिंड लिथियमला सोडियमसारखंच वागवतं. मीठ कमी पडलं की सोडियम धरून ठेवतं, त्याबरोबर लिथियमही. अंगातलं पाणी घटलं तरी तेच. चहा-कॉफीने लिथियम जास्त बाहेर पडतं, एकदम सोडली की अंगात साठतं. उलटही होतं. रोज पापड, लोणचं, फरसाण सुरू केलं की लेव्हल खाली येते, मग चढ यायला वाट मोकळी.
"काय खायचं नाही ते सांगा," मी म्हटलं.
"सगळं खा. पण काल जेवढं, तेवढंच आज. काही बदलायचं झालं तर आधी मला फोन."
गोळी बंद. मंगळवारी पुन्हा रक्त.

१ ऑगस्ट
उभं राहिलं की अजून तोल जातो. तोंडाला धातूची चव. पेज, मीठ घालून.

२ ऑगस्ट
पडल्या पडल्या वाचलं. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केडने उन्मादाच्या रुग्णांवरचे लिथियमचे अनुभव प्रसिद्ध केले. त्याच वर्षी अमेरिकेत हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकलं जात होतं, पदार्थावर भुरभुरायला. मीठ आधीच बंद, वर हे. माणसं दगावली, बाटल्या बाजारातून उठल्या. तिकडे औषध म्हणून परवानगी मिळायला १९७० उजाडलं.
ह्यांना वाचून दाखवलं. हे उठून स्वयंपाकघरात गेले. ते कमी सोडियमचं पाकीट कचऱ्यात.

३ ऑगस्ट
अण्णांच्या डॉक्टरांनाही ते पाकीट पसंत नव्हतंच. टेल्मिसार्टनने पोटॅशियम वाढू शकतं, त्यात ही भर कशाला, म्हणाले.
दुपारी आमटीला उकळी आली. आईंनी अण्णांची वाटी आधी बाजूला काढली. मग मिठाचा चमचा भरला, सुरीच्या पात्याने सपाट केला, पातेल्यात घातला. पुन्हा अर्धा भरला, पुन्हा सपाट केला. हाताच्या अंदाजाने घालणारी बाई. मी दारातूनच मागे फिरले.

५ ऑगस्ट
लेव्हल उतरली. गोळी पुन्हा सुरू, डोस जुनाच. चहाही. सकाळी एक, चारला एक.

६ ऑगस्ट
"तुझे सोमवार मी धरते," आई.
"तुमचा तर असतोच की."
"मग शनिवार धरते. तू हिशेब करू नकोस."

१४ ऑगस्ट
साडेचारला जाग. तरतरी. पेपर तपासून झाले, कपाट आवरून झालं. भूक नाही. हे उठल्यावर म्हणाले, नाश्ता केलास का? ह्यांना नाश्त्याचं विचारायचं नव्हतं.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. घरी आल्यावर डॉक्टरांना फोन. थोडे दिवस झोपेची गोळी. रात्रीचं जेवण आठला, भूक असो नसो. भाकरी, भाजी, वरण, थोडा भात. उत्साहात काही शिजवायचं नाही.

१७ ऑगस्ट
सातपर्यंत झोपले. पोहे संपवले. लेकीने रिकामी ताटली बघितली, मग माझ्याकडे.

२० ऑगस्ट
पाऊस. कृष्णेचं पाणी चढतंय. शाळेला सुट्टी. वेळापत्रक बिघडू नये म्हणून डबा भरला, साडेबाराला घरातच उघडला. अण्णाही त्यांचा डबा घेऊन समोर बसले.

२६ ऑगस्ट. हरतालिका
उपास, रात्री जागरण. आईंनी मला विचारलंच नाही. दुपारी ताटात पोळी-भाजी. रात्री दहाला माझ्या खोलीतला दिवा त्यांनीच घालवला.

२७ ऑगस्ट. गणेश चतुर्थी
उकड मऊ जमली. कळ्या सुरेख पडत होत्या. हात स्थिर. मी गुणगुणत होते. हे दोनदा डोकावले, पाणी प्यायला म्हणे. सारण संपलं, मी ओटा पुसला, हात धुऊन बाहेर येऊन बसले. तेव्हा ह्यांचा चेहरा सैल झाला. मलाही साधा आनंद होतो, हे घराला अजून दर वेळी पटवून द्यावं लागतं.
मोदक तीन. चौथ्याला लेकीने ताट ओढून घेतलं.

१ सप्टेंबर. गौरी जेवण
सोळा भाज्या, पुरण, कटाची आमटी. नैवेद्य व्हायला तीन वाजणार. साडेबाराला आई ताट घेऊन आल्या.
"आधी तू जेव. बसून जेव."
जाऊबाई बघत राहिली. "नैवेद्याच्या आधी?"
"गौरीसुद्धा माहेरवाशिणी आहेत. सुनेला उपाशी ठेवलेलं त्यांनाही चालायचं नाही."

३ सप्टेंबर
लेव्हल ०.७. टीएसएच, क्रिएटिनिन ठीक. पुढचं रक्त महिन्याने.
अण्णांचं बीपी १३४-८४. जेवताना ते म्हणाले, सुनेला मीठ मिळतं, मला कधी? आई म्हणाल्या, तिच्यासारखी दर महिन्याला सुई टोचून घ्या, मग बघू. अण्णांनी मुकाट्याने अळणी वाटी पुढे ओढली.