संत्र्याचा वास आणि तीन बटणं

फ्लोरिडातल्या डिस्नीच्या एपकॉट सेंटरमध्ये ‘होरायझन्स’ नावाची एक राईड होती. १ ऑक्टोबर १९८३ ला ती सुरू झाली आणि ९ जानेवारी १९९९ ला कायमची थांबली. पुढच्या वर्षी तिची इमारतही पाडली. जेमतेम पंधरा वर्षांचं आयुष्य, त्यातलंही मधलं एक वर्ष ती बंदच होती. तिला जाऊन पाव शतक उलटलं, तरी तिच्याविषयी हळवं होऊन बोलणारी माणसं आजही भेटतात. या हळवेपणाची बाहेरच्यांना थोडी कीवच येते. लहानपण आठवतंय बिचाऱ्यांना, दुसरं काय, असं म्हणून ते विषय सोडून देतात. मला हे निदान पटत नाही. माझं म्हणणं असं की, राईड ही एक कलाकृती असते, आणि ती पाडली की तिच्यात बसलेल्यांच्या आठवणीपलीकडे तिचं फारसं काही शिल्लक उरत नाही. त्या आठवणीला स्मरणरंजन म्हणून बाजूला सारणं म्हणजे उरलेला एकुलता एक दस्तऐवज रद्दीत घालण्यासारखं आहे.

होरायझन्समध्ये होतं काय, ते आधी नीट पाहिलं पाहिजे. वरच्या रुळाला टांगलेले चार-चार जणांचे डबे, तोंड बाजूला करून, न थांबता संथपणे सरकत राहायचे. सगळा प्रवास सुमारे पंधरा मिनिटांचा. सुरुवातीला जुन्या काळच्या माणसांनी रंगवलेला भविष्यकाळ दिसायचा: ज्यूल व्हर्नचं चंद्राकडे झेपावणारं यान, आल्बेर रोबिदाच्या कल्पनेतलं आकाशात वाहनं उडणारं पॅरिस, घरकाम करणारा यंत्रमानव. मग घुमटासारखे भव्य पडदे यायचे आणि त्यानंतर पुढच्या शतकातलं घर. एक वयस्क जोडपं आपल्या कुटुंबाची गोष्ट सांगायचं. त्यांची माणसं पांगलेली: कुणी वाळवंटात शेती करतंय, कुणी समुद्राखालच्या वस्तीत, कुणी अंतराळात. वाळवंटातल्या फळबागेपाशी डबा आला की अंधारातून संत्र्याचा वास यायचा. ताज्या, नुकत्याच सोललेल्या फळासारखा, आणि डबा पुढे गेला की विरून जायचा. अखेरीस पुढ्यातली तीन बटणं उजळायची: अंतराळ, वाळवंट की समुद्रतळ, परतीची वाट कुठून? डब्यातल्या चौघांनी बटणं दाबायची आणि बहुमत पडेल तो मार्ग पडद्यावर सुरू व्हायचा. तो पडदा डब्याच्या बरोबरीनेच सरकायचा, म्हणून आपण खरोखर त्या दिशेने उडत निघालोय असं वाटायचं. शेजारच्या डब्याने वेगळी वाट निवडलेली असायची. राईडचा शेवट प्रवाशांच्या हाती देणं ही १९८३ सालातली गोष्ट आहे, हे विसरू नये.

आता लहानपणाचा आक्षेप. केवळ बालपणाचा उमाळा असता, तर प्रत्येकाची आठवण वेगळी असती. लहानपण घरागणिक निराळं असतं. कुणाला तिथलं आइस्क्रीम आठवेल, कुणाला बाबांचा खांदा. होरायझन्सविषयी मात्र एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं त्याच त्या गोष्टी सांगतात. संत्र्याचा वास, तीन बटणं, त्या आजी-आजोबांचं एकमेकांना चिडवणं. कोर्टात साक्षीदारांचे जबाब असे जुळले, तर आपण त्याला भावुकपणा म्हणत नाही. शिवाय या राईडमध्ये फक्त मुलं बसत नव्हती. तिच्यात धक्के नव्हते, उलटंपालटं होणं नव्हतं, म्हणून मांडीवरचं नातवंड आणि गुडघे धरलेली आजी एकाच डब्यात बसू शकत होती आणि दोघांनाही एकेक मत होतं. तिच्या जागी २००३ मध्ये ‘मिशन: स्पेस’ आली. माणसाला गरगर फिरवून यानाच्या उड्डाणाचा दाब अंगावर आणणारं ते यंत्र तंत्र म्हणून अव्वल आहे, त्यात वाद नाही. पण तिथे उंचीची अट आली, हृदयविकार आणि रक्तदाब असलेल्यांसाठी इशारे आले, आणि २००६ मध्ये न फिरणारा सौम्य पर्याय जोडावा लागला. एका छपराखाली तीन पिढ्यांनी एकच गोष्ट पाहण्याची सोय गेली. जे हरवलं ते असं बोट ठेवून दाखवता येतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. होरायझन्स ही अखेर जनरल इलेक्ट्रिक या कंपनीच्या पैशावर उभी असलेली जाहिरात होती, आणि तिचा भविष्यकाळ खोटा ठरला. समुद्रतळाशी शाळा भरल्या नाहीत, वाळवंटात यंत्रमानवांनी संत्री तोडली नाहीत. मग अशा फसलेल्या स्वप्नाची हळहळ कशाला? कंपनीचा हात होता हे खरंच. १९९३ मध्ये तिने पाठबळ काढून घेतलं आणि राईडची घसरण तिथूनच सुरू झाली. कलेला आश्रयदाता लागतो आणि त्याचा शिक्का कलेवर उमटतो, हे आपल्याला नवं नाही. दरबार आणि संस्थानिक यांच्याशिवाय आपल्या संगीताचा इतिहास लिहिता येत नाही. खोट्या ठरलेल्या भविष्याचं उत्तर मात्र राईडच्या आतच होतं. तिची सुरुवातच चुकलेल्या भाकितांपासून व्हायची. व्हर्न चुकला, रोबिदा चुकला, तरी त्यांनी स्वप्न पाहिलं हे मोलाचं, असं सांगून मगच ती स्वतःचं स्वप्न मांडायची. आपणही उद्या जुने ठरू, ही जाणीव तिच्या रचनेत होती. आणि सगळंच कुठे चुकलं? शेवटच्या प्रसंगात अंतराळातल्या एका मुलाच्या वाढदिवसाला दूरदूरचे नातेवाईक प्रतिमेच्या रूपाने हजर व्हायचे. नातू न्यू जर्सीत आणि आजी सांगलीत असलेल्या घरांना त्यात आता नवल वाटणार नाही. दर गणपतीत आरतीच्या वेळी ताटाशेजारी फोन उभा करून ठेवलेला असतोच.

तिसरं म्हणणं धंद्याचं. थीम पार्क म्हणजे संग्रहालय नव्हे. जागा मर्यादित, यंत्रं झिजतात, लोकांना नवं हवं असतं. खुद्द वॉल्ट डिस्ने यांनीच आपलं उद्यान कधी पूर्ण होणार नाही, ते वाढत राहील, असं सांगून ठेवलं होतं. हे सगळं मला मान्य आहे. होरायझन्स कायम चालू ठेवायला हवी होती, असा माझा हट्ट नाही. आपल्याकडे नाटकाचे प्रयोग थांबतात तेव्हा कुणी थिएटरवर मोर्चा नेत नाही. पण नाटकाची संहिता छापलेली असते, फोटो असतात, समीक्षा असते. बालगंधर्वांचं गाणं तबकड्यांत राहिलं. रंगमंचावरचा त्यांचा वावर मात्र आपल्याला कळतो तो पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलं म्हणून. राईडची संहिता, नेपथ्य, वास, वेग, डब्याचा हलका हेलकावा हे सगळं एकत्र घडतं आणि एकत्रच संपतं. नुसता आराखडा जपून ते हाती लागत नाही. विस्मरण किती झपाट्याने होतं याचा पुरावा होरायझन्सनेच दिला आहे. स्वप्न पाहता आलं तर ते साकारताही येतं, अशा अर्थाचं एक वाक्य जगभर पोस्टरांवर वॉल्ट डिस्ने यांच्या नावाने छापलं जातं. ते टॉम फिट्झजेराल्ड यांनी याच राईडसाठी लिहिलं. वॉल्ट डिस्ने १९६६ मध्येच वारले होते. राईड गेली, तसं वाक्याचं पितृत्वही गेलं, आणि ते परत जागेवर आणलं ते जुन्या प्रवाशांनी आणि अभ्यासकांनी.

याच लोकांनी तिचं बाकीचं दफ्तरही राखलं. घरगुती कॅमेऱ्याने अंधारात घेतलेल्या, थरथरत्या टेपा त्यांनी गोळा केल्या, तुकडे जुळवले, आवाज स्वच्छ केला. आज पंधरा मिनिटांचा प्रवास पाहता येतो तो त्यामुळे. काहींनी चालत्या डब्यातून उतरून देखाव्यांचे जवळून फोटो काढले. ते चूकच होतं. नियम मोडला आणि जीवही धोक्यात घातला. तरीही काही देखाव्यांचे बारीक तपशील आपल्याला केवळ त्या फोटोंतून माहीत आहेत, ही गोष्ट खरी आहे, आणि तिचा दोष मी चाहत्यांइतकाच यंत्रणेलाही देईन. बंद करण्यापूर्वी दिवे लावून, शांतपणे, प्रत्येक देखावा चित्रित करायला किती दिवस लागले असते? ‘मिशन: स्पेस’च्या रांगेत एका मोठ्या चाकाच्या मधोमध होरायझन्सचं बोधचिन्ह ठेवलं आहे. ज्याला माहीत आहे तो तिथे थबकतो. ही कृतज्ञता चांगली आहे, पण पुरेशी नाही.

आपल्याकडे तर तेवढंही होत नाही. दिल्लीचं अप्पू घर १९८४ मध्ये सुरू झालं आणि २००८ मध्ये बंद झालं. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ चं. मार्व्याहून फेरीबोटीने तिथे जाणाऱ्या शाळांच्या सहलींनी मुंबईच्या दोन पिढ्या वाढल्या, आणि २०२२ मध्ये तेही थांबलं. तिथला कुठला पाळणा कसा आवाज करायचा, रांग कुठून वळायची, राईड चालवणाऱ्या माणसाचा हात कुठल्या दांडीवर असायचा, हे सांगू शकणारे लोक आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि आसपासच आहेत. ज्यांनी ती यंत्रं चालवली, त्यांना कुणी अजून विचारलेलं नाही. तुमच्या माळ्यावर सहलीचे फोटो, तिकिटाचं अर्धुक, काकांनी काढलेली एखादी व्हिडिओ कॅसेट असेल, तर ती या पावसाळ्यात बुरशी लागण्याआधी बाहेर काढा, आणि मागे तारीख, राईडचं नाव आणि बरोबर कोण होतं ते लिहून ठेवा.