समोर पाणी हवं!

डोंगरातलं घर म्हणजे कसं, तर समोर पाणी हवं, असा आमच्या हेडकॅशियरांचा आग्रह. एका एजंटाने डिंभ्याला घर सुचवलं आणि तपासनीस म्हणून मला सोबत नेण्यात आलं. कर्जाच्या फायली चाळणारा माणूस बरोबर असला की घर स्वस्त पडतं, अशी एक समजूत आहे.

कौलारू घर, अंगणात भाताचा पेंढा, ओटीवर म्हातारबाबा. हेडकॅशियरांनी भाव विचारला, मी सातबारा. बाबा महादेव कोळी. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीने विकत घ्यायची तर 1974 पासून कलेक्टरची आणि त्याच्याही वर सरकारची मंजुरी लागते! हे एजंट सोयीस्करपणे विसरला होता.

"म्हणजे हा कायदा तुमच्या मुळावरच की, बाबा!" हेडकॅशियर कळवळून म्हणाले.

"न्हाय सायेब, राखणदार हाय. न्हायतर पोरानं कवाच इकलं आसतं."

"पाणी मात्र झकास हं!"

"त्याच्याखाली आमचं आंबेगाव हाय. हे वरचे वासे तिथल्याच घराचे."

गेल्या शतकाच्या अखेरीस घोड नदीवर धरण झालं. आता तालुका आंबेगाव, कचेरी घोडेगावला आणि खुद्द आंबेगाव हुतात्मा बाबू गेनू सागराच्या तळाशी! असा पत्ता खातेदाराने लिहिला असता तर आम्ही फॉर्म परत केला असता.

"त्या घराची किंमत सरकारनं केली," बाबा म्हणाले, "मला इचारलं न्हाय."

चहा आला. हेडकॅशियरांनी वाशांकडे एकदा पाहिलं आणि पाण्याकडे पाठ करून बसले.